लंडनला उतरायचंय? मग आधी घरातले सगळे पासपोर्ट टेबलावर काढा

मागच्या उन्हाळ्यात भारतात जाताना वाटेत चार दिवस लंडनला नणंदेकडे थांबायचं ठरलं. आम्ही चौघं न्यू जर्सीहून आणि सासू-सासरे कोल्हापूरहून मुंबईमार्गे थेट तिच्याकडे. तिकिटं बघता बघता नवरा म्हणाला, अगं यूकेला आता ईटीए लागतो ना, तो सगळ्यांचा करून टाकू एकदम. मी पण हो म्हटलं आणि डायनिंग टेबलावर पासपोर्ट काढून मांडले. अमेरिकेचा निळा, भारताचा निळा, नणंदेच्या मुलाचा ब्रिटिश पासपोर्ट तोही आता निळाच. लांबून सगळे सारखे दिसतात, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं. कुणाला ईटीए, कुणाला पूर्ण व्हिसा, कुणाला काहीच नाही, आणि एकाला तर ईटीए घ्यायची परवानगीच नाही. तेव्हापासून ओळखीतल्या निदान दहा-बारा घरांना मी फोनवर हेच समजावलंय, म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतेय. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे अगदी सुरुवातीपासून.

ईटीए म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रॅव्हल ऑथरायझेशन. हा व्हिसा नाही. ज्या देशांच्या नागरिकांना यूकेत फिरायला जायला व्हिसा लागत नाही, त्यांनी विमानात बसायच्या आधी ऑनलाइन घ्यायची ही परवानगी. अमेरिकेचा एस्टा किंवा कॅनडाचा ईटीए माहीत असेल तर तशातलाच प्रकार. यूकेने हे नोव्हेंबर 2023 मध्ये कतारच्या नागरिकांपासून सुरू केलं, मग आखाती देश घेतले, 8 जानेवारी 2025 पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरे, आणि 2 एप्रिल 2025 पासून युरोपवाले. सुरुवातीला बरेच लोक ईटीएशिवायही जाऊन आले, म्हणून अजून कुणीतरी सांगतं की अहो आम्हाला कुणी विचारलंच नाही. ते विसरा. 25 फेब्रुवारी 2026 पासून पूर्ण अंमलबजावणी आहे, परवानगी नसेल तर एअरलाइन विमानात बसवतच नाही.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका. कोण कुठे राहतं ते बघायचं नाही, कुणाच्या हातात कुठला पासपोर्ट आहे ते बघायचं. आपल्या लोकांची हमखास गडबड इथेच होते, कारण एकाच घरात तीन-तीन प्रकार असतात. मी कागद घेऊन एकेकाचं नाव लिहिलं आणि पुढे उत्तर लिहीत गेले, तसंच करा, डोक्यात ठेवू नका.

नवरा अमेरिकन सिटिझन झालेला, मुलं जन्मानेच अमेरिकन, म्हणजे या तिघांना ईटीए. मी ग्रीन कार्डवर पण पासपोर्ट भारतीय, म्हणजे मला ईटीए मिळतच नाही, स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाच लागतो. वीस वर्षं अमेरिकेत राहा, टॅक्स भरा, घर घ्या, यूकेच्या दृष्टीने भारतीय पासपोर्ट म्हणजे व्हिसा. एच-वन, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावाल्यांचंही तेच. सासू-सासऱ्यांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, पण यूकेत राहायला त्याचा उपयोग नाही, त्यांनाही यूकेचा वेगळा व्हिसा. आणि नणंद? तिचा पासपोर्ट भारतीय पण तिच्याकडे तिथली कायमची राहायची परवानगी, आयएलआर, त्यामुळे तिला ईटीए नको. मुलगा ब्रिटिश, त्यालाही नको.

ब्रिटिश पासपोर्टवाल्यांबद्दल जरा थांबून सांगते, कारण हे फार थोड्यांना माहीत आहे. ब्रिटिश नागरिकाला ईटीए मिळत नाही, मग त्याच्याकडे दुसरा कुठलाही पासपोर्ट असो. समजा तुम्ही आधी लंडनला होता, आयएलआर मिळाल्यावर मूल तिथेच जन्मलं, नंतर अमेरिकेत आलात, मूल आता अमेरिकन पासपोर्टवर फिरतं. ते मूल जन्मानेच ब्रिटिश आहे, तुम्ही त्याचा ब्रिटिश पासपोर्ट कधी काढला नसला तरी. अशा मुलाने अमेरिकन पासपोर्टवर ईटीए काढायचा नाही. त्याचा ब्रिटिश पासपोर्ट लागतो, किंवा अमेरिकन पासपोर्टसोबत सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट नावाचं प्रमाणपत्र, जे पासपोर्टपेक्षा कितीतरी महाग पडतं. घरात असं मूल असेल तर तिकिटाच्याही आधी हे काम काढा, पासपोर्ट यायला वेळ जातो.

तिथे वर्क व्हिसावर किंवा आयएलआरवर राहणाऱ्यांना ईटीए नको हे खरं, पण त्यांचं वेगळं एक काम असतं. बीआरपी नावाची राहायच्या परवानगीची जी गुलाबी कार्डं होती ती 31 डिसेंबर 2024 ला संपली, आता सगळं ई-व्हिसावर, म्हणजे ऑनलाइन नोंदीवर. यूकेव्हीआय, म्हणजे यूकेच्या व्हिसा खात्याचं ऑनलाइन अकाउंट काढून ठेवायचं, आणि मधे भारतीय पासपोर्ट रिन्यू केला असेल तर नवा नंबर त्या अकाउंटला जोडायचा. माझी नणंद भारतात येऊन पासपोर्ट रिन्यू करून गेली, तेव्हा परतीच्या आदल्या रात्री बारा वाजता आम्ही हे करत बसलो होतो. तुम्ही तसं करू नका.

आता ज्यांना खरंच ईटीए लागतो त्यांनी तो कसा काढायचा ते सांगते.

फोनवर यूके ईटीए नावाचं अधिकृत ॲप आहे ते घ्या, किंवा ब्रिटिश सरकारच्या साइटवर करा, जिचा पत्ता गव्ह डॉट यूके असा संपतो. गूगलवर नुसतं यूके ईटीए टाकलं की वरती जाहिरातीत भलत्याच साइट येतात, दिसायला हुबेहूब सरकारी, झेंडा-बिंडा सगळं, आणि त्या कितीतरी जास्त पैसे घेऊन तुमचाच फॉर्म पुढे पाठवतात. पैसे गेले ते गेलेच पण पासपोर्टचा फोटो, चेहरा, पत्ता हे सगळं अनोळखी माणसाच्या हातात जातं, मला त्याची जास्त भीती वाटते. पत्त्याची पट्टी डोळ्याने वाचल्याशिवाय एक अक्षरही भरू नका.

फी सुरुवातीला 10 पौंड होती, 9 एप्रिल 2025 ला ती 16 पौंड झाली. सरकार ती वाढवत असतं, त्यामुळे ज्या दिवशी भराल त्या दिवशी सरकारी साइटवर दिसेल तीच खरी. तान्ह्या बाळालासुद्धा वेगळा ईटीए आणि पूर्ण फी. आईच्या मांडीवर बसून जाणार म्हणून सूट, असं काही नाही. फी परत मिळत नाही.

ॲपमध्ये आधी पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा फोटो काढायचा. लाइटखाली पान चमकतं आणि खालच्या दोन ओळी, त्या बाणासारख्या खुणांच्या, नीट वाचल्या जात नाहीत, म्हणून खिडकीजवळ उजेडात धरा. मग चिप वाचायची. इथे लोक अर्धा अर्धा तास अडकतात. पासपोर्टमध्ये चिप असते, कुठल्या पासपोर्टमध्ये कव्हरच्या आत, कुठल्यात फोटोच्या कडक पानात, आणि फोन त्यावर ठेवून ती वाचायची असते. आधी फोनचं कव्हर काढा, पासपोर्टचंही प्लास्टिकचं कव्हर काढा, पासपोर्ट टेबलावर सपाट ठेवा आणि फोन त्यावर ठेवून अगदी हळू वर-खाली सरकवा, थरथर झाली की तिथेच थांबा, उचलू नका. मुलीचा पासपोर्ट पहिल्या फटक्यात झाला, नवऱ्याचा सातव्यांदा. स्टीलच्या ओट्यावर करत होतो, लाकडी टेबलावर आणला आणि लगेच झाला.

त्यानंतर चेहरा स्कॅन आणि एक फोटो. लहान मुलांना चेहरा स्कॅन करावा लागत नाही, पण फोटो लागतोच. फिकट भिंतीसमोर उभं करा, मागे कॅलेंडर, देव्हारा, फ्रीजवरची चित्रं नकोत. बाळ असेल तर पलंगावर पांढरी चादर घालून वरून काढा. आमच्या शेजारणीच्या बाळाला आजीने गालावर मोठी काजळाची तीट लावली होती, ती मी पुसायला लावली, उगाच शंका नको, फोटो झाल्यावर परत लावा म्हटलं.

ॲपवर दुसऱ्यासाठी भरताना ती व्यक्ती समोर हवी. आई एका राज्यात आणि मुलगा कॉलेजात दुसऱ्याच राज्यात असं असेल तर ॲपऐवजी साइटवरून करा, तिथे फोटो अपलोड करता येतात.

मग प्रश्न येतात. पत्ता, नोकरी, कधी शिक्षा झालीय का, अजून कुठलं नागरिकत्व आहे का. आपल्या ओसीआयवाल्यांनी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत जे ओव्हरसीज सिटिझन कार्ड देतो ते असलेल्यांनी, इथे लक्ष द्यायचं. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही, नावात सिटिझन असलं तरी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्यामुळे दुसरं नागरिकत्व म्हणून इंडिया टाकायचं नाही. बाकी सगळी उत्तरं खरी द्या, जुनं काही प्रकरण असेल तरी लपवू नका. नकार आला तर ईटीएवर अपील करता येत नाही, मग व्हिसाचाच अर्ज करावा लागतो, आणि खोटं बोललेलं तिथेही पुढे येतं.

नावाचं सांगायलाच हवं. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदरी नावं असतात, आणि मुलांच्या अमेरिकन पासपोर्टवर मधलं नाव कधी असतं कधी नसतं. ॲप पासपोर्टवरून नाव उचलतं म्हणून तिथे चूक कमी होते, पण तिकीट आपण हाताने भरतो. तिकिटावरही पासपोर्टवर आहे तसंच नाव ठेवा, आणि चेक-इन करताना एअरलाइनच्या साइटवर पासपोर्ट नंबर टाकता तो एकदा अक्षर न अक्षर मिळवून बघा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि आय, इथे माणसं फसतात. ईटीए पासपोर्ट नंबरलाच चिकटलेला असतो, नंबर चुकला की सिस्टिमला तुम्ही सापडत नाही.

पैसे भरले की ईमेल येतो. पुष्कळांना काही मिनिटांतच होकार येतो, पण किमान तीन कामकाजाचे दिवस हातात ठेवून अर्ज करा असं सरकार स्वतःच सांगतं, शनिवार-रविवार त्यात धरू नका. प्रिंट लागत नाही, तरी मी नंबर असलेल्या ईमेलचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आणि फॅमिली ग्रुपवर टाकून ठेवते, सासरे तर प्रिंटच घेतात, घेऊ द्या.

ईटीए दोन वर्षं चालतो, तेवढ्यात कितीही वेळा जा, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहा. पण पासपोर्ट आधी संपला तर ईटीएही तिथेच संपला.

याच एका वाक्याने आमचा घात केला. मागच्या उन्हाळ्यात तिघांचे ईटीए काढले होते, सगळं छान झालं. हिवाळ्यात धाकट्याचा पासपोर्ट रिन्यू केला, लहान मुलांचा अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. यंदा एप्रिलमध्ये स्प्रिंग ब्रेकला परत नणंदेकडे निघालो. माझा व्हिसा होता, नवऱ्याचा आणि मुलीचा ईटीए होता, आणि आम्ही ठाम होतो की दोन वर्षांचे आहेत ना, झालं. नेवार्कच्या काउंटरवरच्या बाई बोर्डिंग पास छापता छापता थांबल्या आणि म्हणाल्या, याचा काही दिसत नाही. धाकटा माझ्या बॅगेवर बसून चिप्स खात होता. जुन्या पासपोर्टवरचा ईटीए नव्या नंबरवर येत नाही, तो परत काढावा लागतो, पुन्हा फी भरून. तिथेच खांबासमोर त्याला उभं करून फोटो काढला, चिप वाचली, हात थरथरत होते त्यामुळे दोनदा चुकलं. अर्ज गेल्यावर चाळीस मिनिटं मी फक्त ईमेल रिफ्रेश करत होते आणि काउंटर बंद व्हायची वेळ घड्याळात बघत होते. आला. पण तो यायलाच हवा होता असं नाही, आणि त्या बाईंनी थांबू दिलं हा त्यांचा चांगुलपणा. एअरलाइनवाले कडक वागतात त्याचा राग धरू नका, कागद नसलेला माणूस नेला तर दंड त्यांना बसतो. तेव्हापासून पासपोर्ट रिन्यू झाला की त्याच दिवशी आमच्या कागदावर ईटीए परत अशी नोंद जाते.

आता भारतीय पासपोर्टवाल्यांचा व्हिसा. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो, निकालाला साधारण तीन आठवडे धरा, सुट्ट्यांच्या दिवसांत त्याहून जास्त. अर्ज ऑनलाइन, मग बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला व्हीएफएस या व्हिसा अर्जांचं काम बघणाऱ्या कंपनीच्या सेंटरला जायचं, मुंबईत आहे, पुण्यात आहे. सासू-सासऱ्यांच्या फाइलमध्ये पेन्शनची बँक स्टेटमेंट, घराची कागदपत्रं, आणि नणंदेचं पत्र की ते माझ्याकडे राहणार, त्यासोबत तिच्या ई-व्हिसाचा पुरावा असं लावलं होतं. सगळ्यात जास्त वजन असतं ते परत यायला कारण आहे हे दिसण्याला. एजंटने खात्यात अचानक मोठी रक्कम टाकायला सांगितली तर टाकू नका, कुठून आली हे सांगता आलं नाही तर तेच अंगलट येतं. आम्ही अमेरिकेत राहणारे भारतीय इथूनच अर्ज करू शकतो, ठसे द्यायला इथेच जावं लागतं. व्हिसा मंजूर झाल्याच्या ईमेलमधल्या सूचना पूर्ण वाचा, यूके आता पासपोर्टमधल्या स्टिकरकडून ई-व्हिसाकडे चाललंय, त्यामुळे ऑनलाइन अकाउंट उघडायला सांगितलं असेल तर लगेच उघडा.

ज्यांना लंडनला राहायचं नाही, फक्त विमान बदलायचंय, त्यांचं थोडक्यात. हीथ्रो किंवा मँचेस्टरला इमिग्रेशनच्या बाहेर न पडता पुढचं विमान पकडणार असाल तर ईटीए लागत नाही. पण स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली आणि सामान घेऊन परत चेक-इन करायचं असेल तर तुम्ही इमिग्रेशन ओलांडता, मग लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यांना नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो, मात्र अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा अथवा ग्रीन कार्ड असेल तर त्यातून सूट आहे, त्यामुळे मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा लंडनमार्गे बिनधास्त येतात. तरी तिकीट काढायच्या आधी गव्ह डॉट यूकेवर व्हिसा लागतो का हे तपासायची सोय आहे, तिथे आपला पासपोर्ट आणि प्रवास टाकून उत्तर बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

लंडनहून पॅरिसचा बेत असेल तर ईटीए किंवा यूकेचा व्हिसा तिथे चालत नाही. भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, वेगळा. अमेरिकन पासपोर्टला व्हिसा नाही, पण 12 ऑक्टोबर 2025 पासून युरोपने ईईएस सुरू केलंय, म्हणजे शिक्क्याऐवजी सीमेवर चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, 12 वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. याची फी नाही आणि आधी अर्जही नाही, फक्त रांगेला वेळ जातो. युरोस्टार या लंडन-पॅरिस ट्रेनने जाणार असाल तर ही फ्रेंच तपासणी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरच होते, म्हणून नेहमीपेक्षा लवकर पोचा. ईटीएसारखाच युरोपचा ईटायस येणार आहे, 2026 च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करायचं जाहीर केलंय, फी 20 युरो, तीन वर्षं चालेल, 18 च्या खालच्यांना आणि 70 च्या वरच्यांना फी माफ. तो सुरू व्हायच्या आधीपासूनच पैसे घेणाऱ्या साइट उघडल्या आहेत, सुरू झाल्याची बातमी युरोपियन युनियनच्या स्वतःच्या साइटवर दिसेपर्यंत कुणालाही कार्ड नंबर देऊ नका.

ईटीएवर काय करता येतं तेही माहीत असू द्या. फिरणं, नातेवाइकांकडे राहणं, ऑफिसच्या मीटिंग, सहा महिन्यांपर्यंतचा छोटा कोर्स हे चालतं. तिथल्या कंपनीत नोकरी नाही, आणि लग्न करायला जाणार असाल तर त्याला वेगळा व्हिसा आहे. बहिणीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या मावशीने नातेवाइकांकडे जातेय असंच सांगावं, तेच खरं आहे. बाळ सांभाळायला जातेय असं म्हटलं की अधिकाऱ्याच्या डोक्यात पगारी काम येऊ शकतं आणि मग चार प्रश्न वाढतात.

ईटीए असला तरी शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचाच. अमेरिकन पासपोर्टवाल्यांना ई-गेट वापरता येतं, पण आम्ही घरातले सगळे एकत्र अधिकाऱ्याच्या काउंटरला जातो, कारण माझा पासपोर्ट भारतीय आणि मुलांची आडनावं माझ्या पासपोर्टवरच्या आडनावापेक्षा वेगळी. लग्नानंतर मी नाव बदललं नाही, म्हणून मुलांच्या जन्मदाखल्याची कॉपी जवळ ठेवते. एकटी आई किंवा एकटे आजी-आजोबा मुलांना घेऊन जात असतील तर दुसऱ्या पालकाचं सहीचं पत्र आणि फोन नंबर ठेवा, गेल्या वेळी मला खरंच विचारलं. धाकट्याला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, आई. मग विचारलं, कुठे चाललात? तर म्हणाला, आत्याकडे, तिथे दादा आहे. अधिकारी हसला, जन्मदाखला चाळला आणि चारही पासपोर्ट परत दिले.